खाली घसरलेल्या दोन टिकल्या

सोलापूरला जाऊन आले म्हटल्यावर देवरुखात प्रत्येकानं मला एकच प्रश्न विचारला, "चादर आणलीत?" शेजारच्या वहिनींनी तर "एक की दोन?" इथूनच सुरुवात केली. नाही आणली. शेंगाचटणी आणली होती, ती दोन दिवसांत संपली. आणि मोबाइलमध्ये एक फोटो आणलाय, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चिकटवलेल्या टिकल्यांचा. तो दाखवला की लोक "बरं बरं" म्हणतात आणि पुन्हा चादरीकडे वळतात. म्हणून हे लिहायला बसले.

मी सरकारी दवाखान्यात परिचारिका होते, शेवटची काही वर्षं पर्यवेक्षिका. निवृत्त झाले, जीभ मात्र झाली नाही. म्हणून अधूनमधून तरुण सिस्टरांना शिकवायला बोलावतात. विषयाचं नाव 'गुणवत्ता सुधारणा'. नाव ऐकूनच जांभई येते, पण आतला माल स्वयंपाकघरातला आहे. नव्या कोकमाची सोलकढी कुणी पहिल्यांदा पंगतीत वाढत नाही. आधी वाटीभर करायची, चाखायची, आंबट झाली तर का झाली ते बघायचं, मग पातेलं चढवायचं. दवाखान्यात बदल करायचा तो तसाच. एका जागी, थोडे दिवस, मोजत मोजत. आपल्याकडे मात्र उलटी रीत. वरून आदेश येतो आणि एकदम जिल्हाभर सोलकढी शिजते, मग आंबट झाली तरी सगळ्यांनी गोड म्हणून प्यायची.

शबाना ही माझी सोलापूरची विद्यार्थिनी. तिचा फोन आला तेव्हा मी फणसाचे गरे काढत होते.

"मॅडम, साहेब लई खूश झालेत आमच्या प्रयोगावर," ती म्हणाली. "आता काय करू?"

साहेब खूश झाले म्हणून घाबरलेली सिस्टर मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. हाताला तेल चोळून चीक काढला आणि पिशवी भरली.

सोमवार, जुळे सोलापूर

प्रवासाचं वर्णन करत नाही. एसटीत बसले, एसटीतून उतरले, कंबर मागाहून आली.

शबाना स्कूटी घेऊन आली होती. पस्तिशीची, बारीक, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. जुळे सोलापूर म्हणजे शहराचा नवा भाग. नोकरदारांच्या इमारती, प्रत्येक फाटकाशी दोन-तीन दुचाक्या, आणि झाडं अशी की सावली मागायला आपल्यालाच लाज वाटावी. आमच्याकडे घर शोधायचं तर झाडी बाजूला करावी लागते. इथे डोळ्यांना अडवायला काहीच नव्हतं, आणि ते मला, खरं सांगते, पहिल्या दिवशी आवडलं नाही.

नवरा ट्रक घेऊन हैदराबादकडे गेलेला. घरी शबाना आणि तिची सासू, जिला सगळे अम्मी म्हणतात. अम्मीनं ताटात दालचा नावाची डाळीची आमटी, बाजूला शेंगाचटणी आणि एक पापडासारखी पातळ, कडकडीत ज्वारीची भाकरी ठेवली. आमची तांदळाची भाकरी गालासारखी मऊ. मी हिलाही तशीच समजून पुढच्या दातांत धरली. कट्‍ असा आवाज झाला. भाकरी शाबूत होती, माझ्या पुढच्या दाताची कॅप ताटात पडली होती.

"अय्यो मैडम!" अम्मी धावल्या. "उसकू तोडके दालचे में डुबाने का! सीदा काइकू चाबे?"

तिथले पाचही दिवस मी समोरच्या फटीतून वारा सोडत बोलले. हे आधीच सांगते, कारण शुक्रवारी मला भाषण करावं लागलं.

जेवणानंतर शबानानं कपाटाच्या दाराला लावलेला, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर केलेला तक्ता दाखवला. तिचा प्रयोग असा. तिचा दवाखाना शहराबाहेर, कुंभारीच्या वाटेवरच्या एका कामगार वसाहतीत आहे. (वसाहतीचं आणि दवाखान्याचं नाव लिहीत नाही, तिची नोकरी अजून बाकी आहे.) तिथल्या बहुतेक बायका विड्या वळतात. वळलेल्या विड्या रोज सकाळी कारखान्याच्या शाखेवर, म्हणजे ब्रँचवर, नेऊन द्यायच्या, तपासून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवसाचं पान-तंबाखू आणायचं. ब्रँच सकाळी भरते. दवाखान्यात बीपीच्या गोळ्याही सकाळीच मिळतात. दोन्हीकडे एकाच वेळी कुणाला उभं राहता येतं? बायका पान घेत होत्या आणि गोळी सोडत होत्या. नरसम्मा नावाच्या एकीनं चार महिने सोडली आणि ब्रँचच्या ओळीतच कोसळली. वाचली, पण उजवी पापणी अजून अर्धीच उघडते.

तेव्हा शबानानं ठरवलं, बायका दवाखान्यात येत नाहीत ना, मग दवाखान्याचं टेबल ओळीकडे जाईल. दर मंगळवारी आणि गुरुवारी, ब्रँचच्या अंगणातल्या लिंबाच्या झाडाखाली. तिथेच बीपी मोजायचं, तिथेच महिन्याच्या गोळ्या द्यायच्या. आठवड्याला किती बायका आल्या ते तक्त्यावर. बायका घरात तेलुगू बोलतात, मराठी वाचणाऱ्या थोड्या. म्हणून आकड्याऐवजी टिकली. पहिलं पाकीट नरसम्मानंच दिलं होतं.

तीन टिकल्या चढत गेलेल्या. आणि नंतरच्या दोन धाडकन खाली.

"बायका कमी झाल्या, आणि आल्या त्यांचं बीपीही जास्त दिसायलंय," शबाना म्हणाली. "का ते कळंना. साहेब म्हणतात, शुक्रवारी मुंबईहून खात्याच्या मोठ्या बाई येणार. त्यांना तीनच टिकल्या दाखव. पसंत पडलं तर सगळ्या ब्रँचवर टेबल लागणार."

"आणि पाच दाखवल्या तर?"

"तर टेबल बंद, म्हणाले. फसलेला प्रयोग कोण चालवतं?"

मग ती म्हणाली, "टेबल गेलं की नरसम्मा परत गोळी सोडणार, मॅडम. ती पान सोडणार नाही."

मंगळवार, ब्रँचचं अंगण

सकाळी सातला स्कूटीवरून निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी रानं, मधूनच एक मेंढरांचा कळप धूळ उडवत आडवा आला आणि मेंढपाळानं आम्हांला "जावा की" म्हणून हातानं वाट दिली, जणू रस्ता त्याचा. होताच म्हणा.

ब्रँच म्हणजे पत्र्याची लांब खोली, पुढे अंगण, एक खिडकी. खिडकीमागे तपासनीस बसतो. तो मूठभर विड्या उचलतो, वळणं बघतो आणि आवडली नाहीत ती बाजूला टाकतो. त्या पाच मिनिटांत बायकांचा आदला दिवस पास किंवा नापास होतो. अंगणात तंबाखूचा असा वास की मला सलग सात शिंका आल्या आणि ओळ हसली. माझ्या वहीत मी त्या दिवशी लिहिलंय: 'गर्दी. बायका इकडेतिकडे. टोपल्या अस्ताव्यस्त.' हे वाक्य लक्षात ठेवा, माझी अक्कल त्यात आहे.

शबानाचं टेबल लिंबाखाली नव्हतं. ब्रँचच्या बाजूच्या ओसरीवर होतं, भिंतीच्या पलीकडे. निळा पडदा, पाठ टेकायला खुर्ची, वर दवाखान्याचा फलक. छान व्यवस्था होती, माझा जीव सुखावला. बायका मात्र पडद्याशी येऊन एक पाय आत, एक पाय बाहेर अशा उभ्या राहत. खुर्चीत बसल्या तरी मान मागे वळलेली. "मान सरळ! बोलू नका! शांत बसा!" मी तीस वर्षांच्या सवयीनं ओरडत होते. मशीन बिघडलंय का म्हणून माझं बीपी मोजलं. बरोबर आलं. शबानाचं मोजलं. तेही बरोबर.

"मग बायकांनाच गरज वाटत नसेल," मी म्हटलं. "आळस दुसरं काय."

शबानानं पट्टा गुंडाळायचा थांबवला. "मॅडम, ह्या पहाटे चारला उठतात आणि बोलता बोलता विड्या वळतात. ह्यांना आळशी तुमी म्हणू नका." तिनं एवढंच म्हटलं. मी मनातल्या मनात तिला शंभरपैकी शंभर दिले.

दुपारी शबानाच्या साहेबांकडे, आरोग्य खात्याच्या ऑफिसात गेलो. साहेब वाईट माणूस नाहीत, हे लिहिलंच पाहिजे. चहा मागवला, खुर्ची दिली.

"मॅडम, वरती ठिपका बघत नाहीत, ट्रेंड बघतात," ते म्हणाले. "दोन ठिपक्यांपायी शहरातल्या सगळ्या बायकांचं नुकसान करणार का? एकदा मंजुरी येऊ द्या, मग करा की दुरुस्त्या."

"साहेब, टेबल का फसलं ते आपल्याला माहीत नाही. तेच फसलेलं टेबल तुम्ही सगळीकडे मांडणार. एका ब्रँचवर दोन टिकल्या पडल्या, सगळीकडे किती पडतील?"

"तुम्ही शिक्षक आहात. आम्हांला ऑफिस चालवायचंय."

"तीस वर्षं मीही चालवलं. खोट्या तक्त्यावर पेशंट बरा झालेला मी एकदाही पाहिला नाही."

बोलताना 'तीस वर्षं' आणि 'तक्त्या'ला फटीतून शिटी वाजली, त्यामुळे माझा आवेश जितका वाटायला हवा होता तितका वाटला नसावा. साहेब हसू दाबत होते. मला मात्र राग आला होता, आणि तो अजून आहे.

बुधवार, नरसम्माचं घर

टेबल नसलेला दिवस. शबाना दवाखान्यात, म्हणून मी एकटीच रिक्षानं वसाहतीत गेले. एकसारख्या लहान घरांच्या रांगा, दारात रांगोळी, आणि जवळजवळ प्रत्येक उंबऱ्यात मांडीवर सूप घेतलेली एक बाई. आमच्याकडे दुपारी बायका ओसरीवर गजाली करतात तेव्हा हात मोकळे असतात, फार तर सुपारी कातरतात. इथे गप्पा आणि काम वेगळं करता येत नाही. पान कापलेलं, चिमूटभर तंबाखू, बोटांची एक फिरकी, दोरा, झालं. माझं एक वाक्य संपेपर्यंत नरसम्माच्या दोन विड्या होत होत्या.

नरसम्मा पन्नाशीची, कपाळावर रुपयाएवढी लाल टिकली, अर्धी मिटलेली ती पापणी. "रा अक्का, कूर्चो," म्हणाली आणि पायानं पाट पुढे सरकवला. मग चहा, मग आंबट-तिखट काहीतरी भात, जो मी फटीच्या बाजूनं सांभाळून खाल्ला.

मी सरळ विचारलं. "टेबलावर बायका का येत नाहीत?"

"टेबल चांगलं हाय की."

"मग?"

"शिस्टर लई चांगली हाय."

"ते मला माहीत आहे. का येत नाहीत?"

तिनं सूप खाली ठेवलं. हात थांबला तेव्हाच मला कळलं की आता खरं बोलणार आहे. "अक्का, काल तुमी ओळ बगितली?"

"बघितली. ओळ कुठे होती? बायका इकडे, टोपल्या तिकडे."

नरसम्मा हसली, ती अशी हसली की शेजारच्या उंबऱ्यातली पण वळून बघू लागली. "अय्यो अक्का! बुट्टी म्हंजीच ओळ!"

बुट्टी म्हणजे विड्यांची टोपली. बायका पहाटे येऊन बुट्टी ओळीत ठेवतात आणि स्वतः बाजूला बसतात. नंबर बुट्टीचा असतो. पण नजर ठेवावी लागते. नजर हटली की मागची बाई पायानं हळूच आपली बुट्टी पुढे सरकवते. मागे पडलं की शेवटी उरलेलं, फाटकं पान हाती येतं. फाटक्या पानाची विडी तपासनीस बाजूला टाकतो. म्हणजे बुट्टी दिसली नाही की दिवस गेला.

"झाडाखाली टेबल हुतं तवा बसल्या बसल्या बुट्टी दिसायची," नरसम्मा म्हणाली. "आता भिंतीमागं पडदा. आत गेलं की जीव बुट्टीत. कोन येनार? मी येते. पन मान मागं असते."

मान मागे, दंड ताठ, जीव बुट्टीत, आणि आम्ही म्हणतोय बीपी वाढलं.

मी वही मिटली. कारण तो पडदा माझा होता. तिसऱ्या आठवड्यात शबानानं फोनवर सांगितलं होतं, उघड्यावर मोजतेय. मी म्हटलं होतं, "चारचौघांत बीपी मोजतात का? आडोसा कर. पाठ टेकायला खुर्ची दे. बाई शांत बसली पाहिजे." पुस्तकात तसंच लिहिलेलं असतं. साहेबांनी आनंदानं पडदा आणि फलक पुरवला. आणि शबानानं ते तक्त्यावर लिहिलं नाही, कारण मॅडमनं सांगितलेली सुधारणा हा तिला बदल वाटलाच नव्हता. वर्गात मी घसा फोडून सांगते, काहीही हलवलंत तर तक्त्यावर खूण करा. स्वतःच्या सूचनेची खूण करायला मात्र मी तिला सांगितलं नव्हतं.

मला लाज वाटली. देवरुखला परत जावं असं वाटण्याइतकी वाटली. अन् मंगळवारी मी त्या बायकांना मान सरळ ठेवा म्हणून दटावलं होतं. नरसम्माला मी हे सगळं सांगितलं. तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"मग काढा की पडदा," ती म्हणाली. "रडता कशाला?"

गुरुवार, लिंबाखाली

रात्रीच शबानाला सगळं सांगितलं होतं. पण साहेबांचा हुकूम होता की शुक्रवारपर्यंत ओसरीवरचं काहीही हलवायचं नाही. मोठ्या बाईंना सजावट दाखवायची होती.

"हलवलं तर?" शबानानं विचारलं.

"हलवल्याशिवाय कळणार कसं?"

तिनं दोन मिनिटं विचार केला. मी तिला ढकललं नाही, हे माझ्या हट्टी स्वभावाला मोठंच कष्टाचं होतं. नोटीस मला येणार नव्हती. मग तिनंच ठरवलं. पहिला अर्धा तास टेबल पडद्याआड, दुसरा अर्धा तास झाडाखाली. त्याच बायका, तीच सकाळ, तेच मशीन. आणि ह्या वेळी तिनं आधी तक्त्यावर पेननं लिहिलं: 'टेबल हलवलं.'

पडद्याआडच्या अर्ध्या तासात आलेल्या बायका मोजायला एका हाताची बोटं पुरली. नरसम्मा आली, तिचं बीपी लिहून घेतलं. मग शबानानं टेबलाचं एक टोक धरलं. दुसरं मी धरणार तोच चार बायका पुढे आल्या आणि टेबल हवेतूनच लिंबाखाली गेलं. बुट्ट्यांची ओळ समोर, हाताच्या अंतरावर. मी बुधवारचे डोळे लावून पाहिलं तर अस्ताव्यस्त काहीच नव्हतं. एकेक बुट्टी आपल्या जागी, कुणाच्या कडीला लाल चिंधी, कुणाची निळी, कुणाची झाकणाला दोरा बांधलेली.

दुसऱ्या अर्ध्या तासात दोन्ही हातांची बोटं पुरली नाहीत. बायका येऊन बसत, दंड पुढे करत, डोळे समोर बुट्टीवर. मान आपोआप सरळ. नरसम्माचं पुन्हा मोजलं. खाली आलं होतं. शबानानं मोठ्यानं वाचलं आणि नरसम्मा तेलुगूत काहीतरी बोलली, सगळ्या हसल्या. शबानालाही कळलं असावं, पण तिनं मला सांगितलं नाही.

"एका सकाळीवर नाचू नका," मी म्हटलं. "अजून काही आठवडे बघावं लागेल."

"व्हय मॅडम," शबाना म्हणाली. पण तिचे डोळे नाचत होते. माझेही नाचत असतील.

संध्याकाळी अम्मीनं पुन्हा कडक भाकरी वाढली. मी ती मोडली, बुडवली आणि खाल्ली. अम्मी म्हणाल्या, "हौ, अब सीक गए." चार दिवसांतली ही माझी एकमेव शाबासकी.

शुक्रवार, फ्लेक्स

सकाळी पोचलो तर टेबल पुन्हा ओसरीवर. साहेबांनी पहाटेच माणसं लावून हलवलं होतं. पडद्याला इस्त्री केलेली. अंगणात, बुट्ट्यांच्या ओळीशेजारी, माणसाएवढा फ्लेक्स. त्यावर तीन मोठे लाल ठिपके वर चढलेले, आणि तिसऱ्यानंतर थेट आकाशाकडे जाणारा बाण.

मोठ्या बाई आल्या. साध्या होत्या, चष्मा, हातात वही. साहेबांनी फ्लेक्स समजावला. नंतर फोटोसाठी लाभार्थी हवी म्हणून हाक मारली, "या मावशी, सांगा बाईंना, टेबलाचा काय फायदा झाला."

नरसम्मा आली. आधी बुट्टीकडे पाहिलं, मग फ्लेक्सकडे पाहिलं आणि बघतच राहिली.

"हितं दोन कमी हायेत की," ती म्हणाली.

"काय कमी?" साहेब.

"टिकल्या. पाच हुत्या. खालच्या दोन कुटं गेल्या?"

"मावशी, ते आपण नंतर बोलू."

"आमी दोन आटवडे आलो न्हाय. पडदा लावला, बुट्टी दिसंना, म्हून आलो न्हाय. ते कोन सांगनार?"

आणि तिनं कपाळावरची टिकली काढली. ओळीतून "अय्यो" असा एक सूर उठला. सवाष्णीनं चारचौघांत कपाळ मोकळं करायचं नसतं. टिकलीच्या जागी गोल, फिकट कातडी दिसत होती. नरसम्मानं वाकून ती टिकली फ्लेक्सवर, तिसऱ्या ठिपक्याच्या पुढे, पार खाली चिकटवली आणि अंगठ्यानं दाबली. "दुसरी लावते की," ती मागे वळून बायकांना म्हणाली.

साहेबांनी शबानाकडे पाहिलं. त्या नजरेत सगळं लिहिलेलं होतं. ती एक पाऊल मागे सरकली असती तर मी तिला दोष दिला नसता, हे मी शपथेवर सांगते. तिनं पर्स उघडली, टिकल्यांचं पाकीट काढलं, एक सोडवली. पहिल्यांदा टिकली बोटालाच चिकटून राहिली. मग तिनं ती नरसम्माच्या टिकलीशेजारी, तितक्याच खाली लावली.

"मॅडम, हे पाच आठवडे आहेत," ती मोठ्या बाईंना म्हणाली. "तीन चांगले, दोन वाईट. वाईट का, ते आम्हांला परवा कळलं. हेच टेबल सगळीकडे लावलं तर सगळीकडे वाईट होईल. झाडाखाली, ओळ दिसेल असं लावलं तर चालेल असं वाटतं. अजून खात्री नाही. मला आणखी काही आठवडे पाहिजेत."

मग मी पुढे झाले. पडद्याची सूचना माझी होती, चूक माझी होती, आणि नरसम्मानं ती मला पाटावर बसवून दाखवली, असं सांगितलं. दर दोन शब्दांनी शिटी वाजत होती. कुणी हसलं नाही.

मोठ्या बाईंनी वहीत लिहिलं. गुरुवारी काय दिसलं ते विचारलं, नीट ऐकलं. जाताना म्हणाल्या, "हे मला प्रस्तावात कसं मांडायचं ते बघावं लागेल." ह्या वाक्याचा अर्थ सरकारी नोकरी केलेल्या कुणालाही सांगायला नको.

गाडी गेल्यावर साहेब माझ्याजवळ आले. "झालं समाधान?"

"अर्धं झालं," मी म्हटलं. "उरलेलं टेबल झाडाखाली गेल्यावर."

ते माणसांना हाक मारत गेले. फ्लेक्स उतरवताना माणसांनी टिकल्या ओरबाडायचा प्रयत्न केला, पण स्वस्तातल्या टिकल्यांचा गोंद भारी असतो.

देवरुख

परत आले, दातावर नवी कॅप बसवली, चादरीची उत्तरं दिली. सोमवारी शबानाचा फोन आला. आदेश निघाला होता. 'ब्रँचवरील टेबल पुढील सूचनेपर्यंत बंद.' मला वाईट वाटलं, आणि मी तिला तसं सांगितलंही. माझ्या हट्टापायी तिचं टेबल गेलं का, हेही मी तिला विचारलं.

"मॅडम, तुमच्या हट्टापायी कशाला? टिकली मी लावली," ती म्हणाली. "आणि आदेशात टेबल बंद लिहिलंय. मी टेबल नेणार नाही. बाया माझ्या यादीतल्या, गोळ्या द्यायचं काम माझं, वस्ती माझी. मी मांडी घालून बसेन."

"नोटीस आली तर?"

"उत्तर देईन. तक्ता जोडून. पाचही टिकल्यांसकट."

मंगळवारी सकाळी मी चहा घेऊन फोनजवळच बसले होते. आठच्या सुमाराला तिनं फोन केला. मागे बायकांचा कालवा ऐकू येत होता.

ती सातला पोचली तेव्हा बुट्ट्यांची ओळ लागलेली होती. लिंबाखाली कुणीतरी झाडून पाट मांडला होता. आणि ओळीत, नरसम्माच्या बुट्टीच्या पुढे, एक रिकामी बुट्टी होती. तपासनिसानं खिडकीतून विचारलं, ही कुणाची, विड्या कुठायत. नरसम्मा म्हणाली, "शिस्टरची हाय. तिला कोन मागं सरकवतंय ते बगते."